जाळी काढण्याची पद्धत

आमच्या घरमालकांचा पहिला धाक मला बसला तो भाडं ठरवताना नव्हे, पदर सावरताना. देवळाली कॅम्पातल्या त्यांच्या दोन खोल्या बघायला आम्ही गेलो होतो. फाटकातून आत आल्यावर एका बाजूला कुंपणाची भिंत, दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या शेडखाली उभी असलेली गडद निळी गाडी, आणि मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. मी त्या वाटेवरून निघाले तेवढ्यात मागून आवाज आला, "बाई, पदर." मी कानापर्यंत लाल झाले. नवं लग्न, परकं घर, मला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. मग ते शांतपणे म्हणाले, "पदराला पिन आहे. गाडीला लागेल."

आम्ही त्यांना काका म्हणायचो. लष्कराच्या वर्कशॉपमधून ते निवृत्त झाले होते. उंच, ताठ, घरातसुद्धा पट्टा लावलेली पँट घालणारे. गाडीभोवती त्यांनी चुन्याची रेघ मारलेली होती आणि ती पुसट झाली की पुन्हा मारत. त्या रेघेच्या आत कोणी पाऊल टाकायचं नाही. माझे मिस्टर अंबडच्या एका कारखान्यात होते. पाळी संपवून ते मोटारसायकलवर यायचे तेव्हा फाटकाबाहेर इंजिन बंद करायचं आणि हँडल भिंतीकडे वळवून गाडी ढकलत आत आणायची, असा नियम होता. गॅसवाला सिलिंडर घेऊन आला की त्याला मागच्या गल्लीतून वळसा घालावा लागे. तो पोरगा जाताना काय पुटपुटायचा ते मी ऐकलं आहे. काकांनीही ऐकलं असणार, पण त्यांना त्याचं काही नव्हतं.

त्यांचं एक वाक्य होतं. "ओरखडा कायमचा असतो." रंग चढवता येतो, पॉलिश करता येतं, पण ज्याला माहीत आहे त्याला तो दिसतोच, असं त्यांचं म्हणणं. हे ते गाडीबद्दल म्हणत, तव्याबद्दल म्हणत, आणि एकदा काकू शेजारणीशी जरा लागेल असं बोलल्या तेव्हा त्यांनाही म्हणाले. काकू अगदी मऊ स्वभावाच्या. त्या मला हळूच सांगायच्या, "त्यांचं ऐकून घ्यायचं गं, आणि आपलं करत राहायचं." मला ते कधी जमलं नाही. मी ऐकून घेऊन घाबरायची.

मुळात मी भित्री. निफाडकडची मी, आमच्याकडे मोठा आवाज म्हणजे साखर कारखान्याचा भोंगा. कॅम्पात सकाळी तोफांचा सराव सुरू झाला की खिडक्यांच्या काचा थरथरत आणि माझा जीव गोळा होई. अशा वेळी काका बाहेर येऊन गाडीच्या तोंडाशी उभे राहत आणि पुढच्या जाळीवर तळवा टेकवत. आवाजाच्या हादऱ्याने ती जाळी बारीक खडखडायची. काका हात काढत नसत. तापल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा तसे उभे असत.

दुसरी भीती त्या गाडीच्या पंख्याची. राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी मी दोरीवरचे कपडे काढत होते. काका नुकतेच कुठूनसे येऊन गाडी लावून खाली उतरले होते. किल्ली त्यांच्या हातात, गाडी बंद, आत कोणी नाही. आणि एकदम जाळीच्या मागून घर्र असा जोरात आवाज सुरू झाला. माझ्या हातून बादली पडली. काका मान न वळवता म्हणाले, "पंखा आहे. गाडी तापली की आपोआप लागतो. किल्लीशी त्याचा संबंध नाही." नंतर मिस्टरांनी मला समजावून सांगितलं. गाडीला मागाहून एसी बसवला होता, आणि तो बसवणाऱ्याने जास्तीचा पंखा पुढच्या बाजूला, अगदी जाळीच्या पाठीमागे लावला होता. त्याची वायर थेट बॅटरीला.

म्हणून प्रत्येक फेरीनंतर काका गाडीशेजारी उभे राहत. पंखा लागायचा, फिरायचा, थांबायचा. मग ते बॉनेट उघडून बॅटरीची वायर हातानेच काढून ठेवत. चोराच्या भीतीने. तिचा नट त्यांनी कधी पान्याने आवळला नाही, बोटांनी फिरेल इतकाच ठेवलेला. मला वाटायचं, हा माणूस गाडीच्या रंगाला पहारा देतोय. पाहुणे आले तरी पंखा थांबेपर्यंत ते तिथून हलायचे नाहीत.

पण खरा सोहळा दसऱ्याच्या आधी असे. वर्षभर जाळीच्या आत साचलेला कचरा, वाळकी पानं, मेलेले किडे काढायचे म्हणजे जाळी काढायला हवी. गॅरेजवाल्याच्या हाती ती द्यायची नाही, कारण तो पाचर घालून उपटतो आणि कडेचा रंग जातो. त्यामुळे काका स्वतः काढत आणि आम्हा भाडेकरूंना कामाला लावत. आधी साबणाच्या पाण्याने सगळं धुवायचं, कारण रंगावर धुळीचा कण राहिला तर तोच घासतो. बंपरवर काकूंचं जुनं सुती लुगडं घडी करून अंथरायचं. जाळीच्या कडेने रंगावर कागदी चिकटपट्टी लावायची. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला कापड गुंडाळायचं. मिस्टरांना ते घड्याळ काढायला लावत, कमरेचा पट्टा काढायला लावत. बकल घासेल म्हणून. मिस्टर एका हाताने पँट धरून दुसऱ्या हाताने जाळी धरत.

मला म्हणत, "बांगड्या काढ." मी नाही म्हणे. सणाच्या तोंडावर सवाष्णीने हात मोकळे करायचे का, माझ्या आईने ऐकलं असतं तर. शेवटी मी बांगड्यांवर हातरुमाल बांधायचा अशी तडजोड झाली. तसे रुमाल बांधलेले हात घेऊन मी वाटी धरून बसायची आणि काका एकेक स्क्रू काढून त्या वाटीत टाकायचे. वरचे स्क्रू सोपे. खालच्या प्लास्टिकच्या खिट्ट्या अवघड. "ओढायचं नाही," ते म्हणत. "सगळे ओढतात आणि मोडतात. आधी आत दाबायचं, मग ती आपली आपण सुटते." दोन्ही अंगठ्यांनी दाबून, कान लावून ते खिट्टी सुटल्याचा बारीक आवाज ऐकत. तेवढा वेळ आम्ही श्वास धरून असायचो. खरंच धरून असायचो, एकदा मिस्टरांना शिंक आली तर ते पँट सावरत फाटकाबाहेर पळाले.

मनू, माझी मुलगी, याच घरात रांगायला आणि चालायला शिकली. गाडीजवळून जाताना "हात मागे" असं मी तिला शिकवलं होतं. ती इवलीशी पोरगी दोन्ही हात पाठीशी बांधून त्या वाटेने चालायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचं फार कौतुक वाटायचं. मला नाही वाटायचं. आपलं मूल आपल्याच अंगणात कैद्यासारखं चालतंय हे मला बघवत नसे. घर बदलू या, असं मी मिस्टरांना कितीदा म्हटलं असेल.

दसऱ्याला काकांची पूजाही त्यांच्या पद्धतीची. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक नाही, विड्याच्या पानावर काढून ते पान पाण्याने चिकटवायचं. हाराला तार चालायची नाही, सुती दोराच हवा. आणि आपट्याचं पहिलं पान गाडीला. काका ते पान जाळीच्या फटीतून दोन बोटांनी आत सरकवून मागच्या कंगोऱ्यावर ठेवत, म्हणजे वाऱ्याने उडू नये. "पहिलं सोनं हिला. ही आपल्याला वाहून नेते," असं म्हणून मग आम्हाला सोनं द्यायचे.

मनू पाच वर्षांची असतानाचा तो दसरा. फाटकाबाहेर फुलवाले आप्पा दरवर्षी पाटी घेऊन बसत. गंगापूरच्या बाजूला त्यांचा मळा होता. काकूंनी त्यांच्याकडून त्या वर्षी झेंडूचा भला मोठा हार करून घेतला. इतका जाड की जाळी जवळजवळ झाकून गेली. काका कुरकुरले, पण काकूंनी हौसेने केलेलं, म्हणून बांधला. त्याच हारासकट दोघं भगूरला देवीच्या दर्शनाला जाऊन आली. परत आली तेव्हा दुपार तापली होती. काका गाडी लावून नेहमीसारखे शेजारी उभे राहणार, तोच फाटकाशी त्यांच्या वर्कशॉपमधले जुने सोबती सोनं द्यायला आले. काका फाटकाकडे गेले. बॉनेट न उघडता गेले. इतक्या वर्षांत असं मी पहिल्यांदा पाहिलं.

सणाच्या दिवशीही मिस्टर पाळीवर गेले होते आणि मी आत पुऱ्या तळत होते. मनूची हाक आली, "आई." रडणं नाही, ओरडणं नाही. अगदी हळू. म्हणूनच मी गॅस बंद करून धावले. ती चुन्याच्या रेघेच्या आत उभी होती. हार एका बाजूला सरकवलेला आणि उजवा हात कोपरापर्यंत जाळीच्या आत. तिचे डोळे पाण्याने भरले होते, पण आवाज तिने दाबून धरला होता. ती म्हणाली, "आई, काकांना सांगू नको."

त्या वाक्याने माझं काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. हात अडकल्यापेक्षा तिला काकांची भीती जास्त होती, आणि ती भीती तिला माझ्याकडूनच मिळाली होती. मीसुद्धा आधी फाटकाकडे पाहिलं, काकांचं लक्ष आहे का. मग तिच्या कोपराला हात लावला. जाळीच्या पट्ट्या आत जाताना वाकत होत्या, पण बाहेर येताना हातात रुतत होत्या. आप्पांनी पाटी टाकली आणि ते धावत आले. "ओढा बाई, जरा जोर लावा," म्हणत त्यांनीच तिचा दंड धरून ओढला. मनू किंचाळली.

काका वळले. ते पळताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आता ते ओरडणार, गाडीवर हात आपटणार, आम्हाला घराबाहेर काढणार, असं सगळं माझ्या मनात येऊन गेलं. ते एवढंच ओरडले, "ओढू नका." मग खिशातून किल्ली, दार, आतली खिट्टी, खट असा आवाज, बॉनेट वर. दोन बोटांनी नट फिरवून त्यांनी बॅटरीची वायर उपटली आणि ती हातात धरून उभे राहिले. "आता पंखा लागणार नाही," ते म्हणाले.

पंखा. तोवर तो माझ्या डोक्यातच आला नव्हता. मी काकांना भीत होते, ओरखड्याला भीत होते, आणि माझ्या लेकीची बोटं त्या पात्यांपासून टीचभर अंतरावर होती. गाडी तापलेली, त्यात हाराने वारा अडवलेला. मी तिथेच तिच्यापाशी खाली बसले आणि तिला मागून धरलं.

आप्पांनी कुठूनशी लोखंडी पहार आणली. "सायेब, फोडून टाकू जाळी. लेकराचा हात हाय. आत लय तापलंय बघा."

"पहार लावायची नाही," काका म्हणाले. मग काकूंना, "अगं, माझी पेटी आण. आणि लुगडं."

काकू पेटी घेऊन आल्या. काकांनी लुगडं पसरलं. मग त्यांनी शांतपणे चिकटपट्टीचा गुंडाळा काढला आणि पट्ट्या फाडायला लागले. माझी पोर हुंदके देतेय आणि हा माणूस चिकटपट्ट्या लावतोय. माझ्या आयुष्यात मी कोणाचा इतका तिरस्कार केला नसेल. मी म्हणाले, "काका, जाळी फोडा. रंग जाऊ दे तुमचा. माझी मुलगी आहे ती." मी त्यांच्याशी वर मान करून बोललेलं ते पहिलं वाक्य.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "बांगड्या."

मी मनूला काकूंच्या हाती दिलं, उठले, आणि दोन्ही हात कुंपणाच्या भिंतीवर आपटले. बांगड्यांचा चुरा खाली पडला. दसऱ्याच्या दिवशी, भर दुपारी. काकूंच्या तोंडून नुसता हुं असा आवाज निघाला. बांगड्या वाढवल्या म्हणायचं असतं, फुटल्या म्हणायचं नसतं, पण त्या दिवशी मी त्या फोडल्याच. मग येऊन पुन्हा मनूला धरलं.

काका जमिनीवर गुडघे टेकून तिच्या तोंडासमोर आले. "मनू, माझ्याकडे बघ. बोटांना गरम लागतंय?"

"थोडं."

"हातात काय आहे?"

ती म्हणाली, "सोनं. मी परत ठेवणार होते."

"ठेवायचं नाही. घट्ट धर. मूठ अजिबात उघडायची नाही," काका म्हणाले. मूठ मिटली की बोटं तापल्या लोखंडापासून लांब राहतात, हे मला मागाहून उमगलं.

स्क्रू निघाले. वाटी माझ्या दुसऱ्या हातात होती आणि एकेक स्क्रू तिच्यात वाजत पडत होता. आप्पा एका बाजूने जाळी तोलून उभे राहिले. खालच्या खिट्ट्या काकांनी अंगठ्यांनी दाबल्या, कान लावला, सुटल्या. शेवटची एक राहिली. ती आतून दाबायला हवी होती आणि तिच्यापाशी मनूचा हात आडवा होता. काकांनी अंगठा घालून पाहिला, बोट घालून पाहिलं. जाळी किंचित हलली की मनू कळवळायची. मग ती कळवळायची थांबली. तिचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं आणि ती गप्प झाली. मी तिला हाक मारली, तिने डोळे उघडले नाहीत.

काकांनी स्क्रूड्रायव्हरचं कापड काढून फेकलं. कापडासकट तो आत जात नव्हता. नुसतं उघडं टोक त्यांनी रंगावर टेकवलं, हातावर सगळं वजन टाकलं आणि खिट्टी मुळापासून उखडली. निळ्या रंगातून पत्र्यापर्यंत कर्र करत गेलेला तो आवाज अंगणातल्या सगळ्यांनी ऐकला. काका थांबले नाहीत. जाळी हातासकट बाहेर आली. त्यांनी ती लुगड्यावर टेकवली, करवतीच्या पात्याने एक पट्टी कापली, आणि मनूचा हात मोकळा झाला. काकूंनी तिच्या तोंडावर पाणी मारलं. तिने डोळे उघडले आणि मोठ्याने रडायला लागली. इतकं गोड रडणं मी कधी ऐकलं नव्हतं.

मग काकांनी एक गोष्ट केली, ती मला अजून स्वप्नात दिसते. ते बॉनेटपाशी गेले आणि हातातली वायर बॅटरीला नुसती टेकवली. पंखा त्याच क्षणी लागला. जाळी नव्हती, त्यामुळे पाती उघडी दिसत होती. तो घर्र आवाज, कंगोऱ्यावर गळलेल्या झेंडूच्या पाकळ्या उडून अंगणभर झालेल्या. काकांनी वायर काढली आणि ते चुन्याच्या रेघेवरच मटकन बसले. "मी इथून हललो," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "मी इथून हललो."

तेव्हा माझी नजर लुगड्यावरच्या जाळीकडे गेली. चिकटपट्ट्या होत्या त्या सगळ्या जाळीच्या पट्ट्यांवर होत्या, मनूचा हात जिथे अडकला होता तिथे, धारेवर दुहेरी लावलेल्या. गाडीच्या रंगावर त्या दिवशी एकही लावलेली नव्हती.

मनूचं रडणं ओसरल्यावर तिने मूठ उघडली. आपट्याचं पान चुरगळून ओलं झालं होतं. तिला काय वाटलं कोण जाणे, शिकवलं होतं तसं ती ते घेऊन काकांपुढे गेली, म्हणाली, "सोनं घ्या," आणि खाली वाकली. काकांनी पान घेतलं.

बाजारातल्या डॉक्टरांनी सण असूनही दार उघडलं. हाड शाबूत होतं. कोपराखाली लाल वळ उठले होते आणि बोटांच्या मागे थोडं भाजलं होतं. दिवाळीपर्यंत सगळं जाईल म्हणाले, आणि गेलंही.

काका बदलले वगैरे काही नाही. दुसऱ्याच आठवड्यात गॅसवाल्यावर ते असे खेकसले की मी दाराआड उभी राहिले. फक्त चुन्याची रेघ पुसत गेली ती पुन्हा मारली नाही, जाळी तारेने बांधून टाकली आणि पुन्हा कधी काढली नाही, आणि गाडीला हार घालणं बंद झालं. पंखा थांबेपर्यंत मात्र ते उभे राहायचेच. आता मीही त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहायची.

पुढे आम्ही पाथर्डी फाट्याकडे स्वतःच्या घरात राहायला गेलो, तरी दसऱ्याला सोनं द्यायला कॅम्पात जायचो. काका दर वर्षी मनूला म्हणायचे, "हात दाखव." खिडकीपाशी नेऊन, उजेडात फिरवून बघायचे. ती मोठी व्हायला लागली तसं तिला त्याचं हसू यायचं, पण ती बाही वर करून निमूट उभी राहायची.

शेवटचे गेलो तेव्हा त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. गाडी शेडखाली उभीच होती, चालवणारं कोणी नव्हतं. जाळीखालच्या त्या ओरखड्याला गंज चढून तो तांबूस झाला होता. मिस्टर म्हणाले, "काका, एवढं तरी रंगवून घेऊ का? माझ्या ओळखीचा चांगला पेंटर आहे."

काकांनी मनूचा हात हातात घेतला होता. दिसत नव्हतं म्हणून ते मनगटापासून कोपरापर्यंत अंगठा फिरवत होते, सावकाश, खिट्टी शोधावी तसा.

"राहू दे," ते म्हणाले. "ओरखडा कुठेतरी पडायचाच होता. तिथं पडला." कोपरापाशी अंगठा जरा थांबला, पुन्हा एकदा मागे गेला, आणि मग त्यांनी तिचा हात सोडला.